नांगर कुठे टाकता, ते आधी विचारा

गेल्या अंकात पर्यटकांमुळे प्रवाळांची होणारी हानी यावर दोन परिच्छेद लिहिले, तर पत्रांचा ढीग आला. बऱ्याच पत्रांचा सूर एकच: आम्ही जाऊन आलो, मजा केली, आता उगाच मनाला टोचणी लावू नका. तसा माझा विचारही नाही. काही वर्षं मी पाटी-पेन्सिल घेऊन पाण्याखाली प्रवाळांच्या नोंदी केल्या आणि पुढे काही वर्षं पर्यटकांना डायव्हिंगला नेण्याच्या धंद्यावर पोट भरलं. दोन्हीकडचं मीठ खाल्लं आहे, तेव्हा उत्तरंही दोन्हीकडची मिळतील. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

ताई, आम्ही दोघांनी पहिल्यांदाच डायव्हिंग केलं. पोहता येत नाही, पण इन्स्ट्रक्टर धरून खाली घेऊन गेला. फोटोसाठी मी एका प्रवाळाला हात लावला, आणि मास्क नीट करताना ह्यांचा पाय दुसऱ्या एकावर पडला. इन्स्ट्रक्टर नुसता हसला. एवढ्याशा स्पर्शाने खरंच काही बिघडतं का? शेवटी खडकच ना तो?
*– नुकतंच फिरून आलेलं जोडपं*

खडक खाली असतो. तुम्ही हात लावलात ते त्याच्यावरचं जिवंत कातडं होतं. प्रवाळ हा प्राणी आहे. एकेक पॉलिप, म्हणजे एकेक सुटा जीव, बहुधा काही मिलिमीटरचा. असे हजारो एकमेकांना जोडून राहतात आणि खाली स्वतःचाच चुन्याचा सांगाडा रचत जातात. पॉलिपच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाची ऊर्जेची गरज नव्वद टक्क्यांपर्यंत भागवतं. या सगळ्यावर बुळबुळीत स्रावाचा एक पातळ थर असतो. जंतू आणि गाळ यांना अडवायला प्रवाळाकडे मुख्यतः तेवढाच पडदा आहे. तुमच्या बोटाने आधी तो पुसला जातो. थोडा दाब पडला की कातडं आपल्याच सांगाड्याच्या कडांवर चेपलं जाऊन फाटतं. कडा चांगल्या धारदार असतात. हाताला खरचटलं असेल तर ते त्यांनीच.

एका स्पर्शाने तो मेला का? बहुतेक नाही. प्रवाळ निरोगी असेल तर लहानसहान जखम भरून काढतो. मला काळजी आहे ती ह्यांच्या पायाची. फांद्यांचा प्रवाळ असेल तर भराभर वाढणाऱ्या जातींनासुद्धा दहा सेंटिमीटर वाढायला साधारण वर्ष लागतं. घुमटासारखे भरीव प्रवाळ तर वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. माणसाच्या उंचीचा घुमट म्हणजे दीडशे-दोनशे वर्षांचं काम. त्याच्यावर उभं राहून मास्कमधलं पाणी काढणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

हे कसं घडतं तेही सांगते, कारण यात मुद्दाम करणारा हजारात एखादाच. नवखा माणूस खाली जातो, मास्कमध्ये पाणी शिरतं, तो घाबरतो आणि जमिनीवरची सवय म्हणून सरळ उभा होतो. उभा झाला की बुडायला लागतो. बुडू नये म्हणून पायांनी सायकल मारायला लागतो. पायात घातलेल्या वल्ह्यासारख्या फिन्समुळे पाय हात-सव्वा हाताने लांबलेला असतो, पण आपला पाय कुठे संपतो हे मेंदूला अजून कळलेलं नसतं. एक फटका फांदीला, दुसरा वाळूला. उडालेली वाळू शेजारच्या पॉलिपांवर बसते, आणि ती झटकून टाकण्यात त्यांची दिवसभराची ताकद खर्च होते. मागे काय झालं याचा त्या माणसाला पत्ताही नसतो. तो पुढे बघत असतो, आणि हातात कॅमेरा असेल तर तेवढंही नाही.

आता प्रश्न तुम्हा दोघांपुरता राहत नाही. त्याच दिवशी, त्याच जागी, तुमच्यानंतर किती जण उतरले? तांबडा समुद्र आणि कॅरिबियनमधल्या बोनेअर इथल्या अभ्यासांतून १९९०च्या दशकात एक ढोबळ मर्यादा पुढे आली: एका जागी वर्षाला चार ते सहा हजार डाइव्ह. त्यापुढे मोडतोड झपाट्याने वाढते. इस्रायलमधल्या एलातच्या काही जागांवर हा आकडा तीस हजारांच्या वर गेला होता. मोडतोड झाली की तिथेच थांबत नाही. थायलंडच्या को ताओ बेटाजवळ २०१४च्या एका अभ्यासात पर्यटकांची वर्दळ असलेल्या जागी प्रवाळांचे रोग शांत जागांपेक्षा तिप्पट आढळले. जखम उघडी राहते, तिथून रोग शिरतो.

आणि तो हसणारा इन्स्ट्रक्टर? माझ्या लेखी खरा दोष त्याचा. सेंट लुसिया बेटावर संशोधकांनी डायव्हर्सच्या मागे राहून कोण कितीदा प्रवाळाला धडकतं ते मोजलं. बोटीवर दिलेल्या एका वाक्याच्या सूचनेने काहीही फरक पडला नव्हता. फरक पडला तो गाइडने पाण्याखाली हात धरून बाजूला केलं तेव्हा. इजिप्तच्या रास मोहम्मद उद्यानात सूचनांचा उपयोग झाला, पण तिथे पाऊण तास चित्रं दाखवून समजावलं होतं आणि मग पाण्यात नेऊन जिवंत प्रवाळ कुठला, मेलेला कुठला हे दाखवलं होतं. ज्याला पोहता येत नाही त्याला थेट प्रवाळांवर नेण्याआधी मोकळ्या वाळूवर दहा मिनिटं तरंगायला शिकवायला हवं. ती दहा मिनिटं वाचवली की दिवसात एक फेरी जास्त होते. हिशोब एवढाच आहे.

दर उन्हाळ्यात वाचतो की समुद्र तापला आणि प्रवाळ पांढरे पडले. माणसाचा पायही न लागलेल्या ठिकाणचे प्रवाळ मरत आहेत. मग पर्यटकांच्या मागे का लागता? तापमानवाढ आणि पर्यटकाची लाथ यांची तुलना म्हणजे कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी!
*– निवृत्त शिक्षक*

सर, पूर्वार्ध मान्य. जगभर एकाच वेळी प्रवाळ पांढरे पडण्याच्या मोठ्या घटना १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात झाल्या. २०२३ मध्ये सुरू झालेली चौथी एप्रिल २०२४ मध्ये अधिकृतपणे जाहीर झाली. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर (रीफ म्हणजे प्रवाळांनी रचलेली समुद्रातली भिंत) २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ असा जवळजवळ पाढाच लागला आहे. २०१६ मध्ये तर सगळ्यात जास्त हानी झाली ती रीफच्या उत्तर टोकाला, जिथे पर्यटक फिरकतसुद्धा नाहीत. तेव्हा ऐरावत खरा आहे.

पण पांढरा प्रवाळ म्हणजे मेलेला प्रवाळ नव्हे. पाण्याचं तापमान नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा अंशभराने जास्त होऊन काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतो. कातडं पारदर्शक होतं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसतो. तो जिवंत असतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत वाढतं आणि काही महिन्यांत तो सावरतो. या उपासमारीच्या काळात त्याच्या अंगावर आणखी काय येऊन पडतं, यावर पुष्कळ अवलंबून असतं. आजारी माणसाच्या उशाशी मांडव घालू नये एवढंच म्हणणं आहे.

दुसरं असं की 'पर्यटक' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फिन्स घातलेला माणूस येतो. तो या सगळ्यातला सगळ्यात लहान भाग. किनाऱ्यावर हॉटेल उभं राहतं तेव्हा माती उघडी पडते आणि पहिल्या पावसात समुद्रात जाते. जेटीसाठी तळ उपसतात, धावपट्टीसाठी उथळ रीफवर भराव घालतात, वाहून गेलेल्या बीचवर दुसरीकडची वाळू आणून ओततात. गाळाने पाणी गढूळ झालं की शैवालाला ऊन मिळत नाही. तेवढ्यात प्रवाळाचा अर्धा स्वयंपाक बंद.

सांडपाण्याची गोष्ट तर मला कुठल्याही लाथेपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. प्रवाळांचे समुद्र मुळात पोषकद्रव्यांच्या बाबतीत गरीब असतात. म्हणून पाणी इतकं नितळ. त्यात नायट्रोजन-फॉस्फरस सोडलं की मोठं शैवाल फोफावतं आणि प्रवाळांच्या अळ्यांना चिकटून बसायला जागाच उरत नाही. कातळ झाकला गेला की उष्णतेच्या लाटेनंतर नवी पिढी यायची कुठून? आणि जंतूंचं काय? फ्लोरिडामध्ये सांबराच्या शिंगासारखा दिसणारा एल्कहॉर्न प्रवाळ पांढऱ्या चट्ट्यांच्या रोगाने मरत होता. त्या रोगाचा जंतू म्हणून २००२ मध्ये सेराशिया मार्सेसेन्स या जिवाणूकडे बोट दाखवलं गेलं, आणि २०११ मध्ये त्याचा माग माणसाच्या मैलापाण्यापर्यंत पोहोचला. माणसाकडून रोग समुद्रातल्या बिनकण्याच्या प्राण्याला लागल्याचं हे उदाहरण कुणी पाठ्यपुस्तकात घातलं तर मला आवडेल.

मग नांगर. लहान बोटीचा नांगर पडताना प्रवाळ फोडतो, ओढताना फोडतो, आणि मधल्या वेळात वाऱ्याने बोट फिरली की त्याची साखळी तळावर झाडू मारल्यासारखी सगळं भुईसपाट करत जाते. क्रूझ जहाजाची साखळी तर तुमच्या-माझ्या वजनाच्या कड्यांची. १९८०च्या दशकात ग्रँड केमन बेटाजवळ एका क्रूझ जहाजाने एक दिवस नांगर टाकला. तीन हजार चौरस मीटरहून जास्त रीफ गेली. मार्च २०१७ मध्ये इंडोनेशियाच्या राजा अम्पतमध्ये एक क्रूझ जहाज ओहोटीला रीफवर चढून बसलं. एका पाहणीत सुमारे १३,५०० चौरस मीटरचं नुकसान निघालं. इतकी नासधूस करायला किती फिन्स लागतील, गणिताचे मास्तर असाल तर हिशोब करा.

आणि यातली बरीच नासधूस एका ठरावाने थांबते. बोनेअरमध्ये १९७९ पासून सागरी उद्यान आहे. तिथे नांगर टाकायला बंदी आहे. तळाशी पक्के बांधलेले तरंगते बोये आहेत, बोट त्यांना बांधायची. समुद्राचं तापमान कुठल्या बेटाच्या पंचायतीला कमी करता येत नाही. बोये बसवणं आणि सांडपाणी शुद्ध करणं मात्र जमतं. म्हणून मी तट्टाणीच्या मागे लागते, सर. ऐरावत माझ्या आवाक्यातला नाही, आणि रीफपर्यंत पोहोचायला विमानाने उडत गेलेल्या पर्यटकाने त्यालाही थोडा चारा घातलेलाच असतो.

'रीफ-सेफ' लिहिलेलं सनस्क्रीन महाग आहे. घ्यावं का?
*– ऑफिसातल्या मैत्रिणींसोबत जाणारी*

त्या दोन शब्दांना कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. बाटलीवर कोणीही छापू शकतं. मागची बाजू वाचा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही दोन नावं असतील तर ठेवून द्या. ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईमध्ये जानेवारी २०२१ पासून बंदी आहे. पॅसिफिकमधल्या पलाऊ या छोट्या देशाने २०२० पासून आणखी लांबलचक यादीच लागू केली आणि थायलंडने २०२१ मध्ये आपल्या सागरी उद्यानांत.

विज्ञान काय म्हणतं ते थोडं गुंतागुंतीचं आहे. प्रयोगशाळेत ऑक्सिबेन्झोनमुळे प्रवाळांच्या अळ्या विद्रूप होतात हे २०१६ मध्ये दिसलं. उघड्या समुद्रात हे रसायन बहुधा फारच विरळ असतं. गर्दीच्या, बंदिस्त खाडीत जास्त. मला सगळ्यात लक्षवेधी वाटलं ते २०२२चं काम. प्रवाळांचे नातलग असलेल्या समुद्रफुलांवर प्रयोग झाले. हे प्राणी ऑक्सिबेन्झोनला साखरेचा रेणू जोडतात, आणि जे रसायन आपल्या त्वचेवर उन्हापासून वाचवतं तेच त्यांच्या शरीरात ऊन पडताच विषारी होतं. आत शैवाल असेल तर ते यातलं पुष्कळ विष स्वतःत साठवून यजमानाला वाचवतं. म्हणजे उष्णतेने शैवाल गमावलेल्या प्रवाळाला धोका आणखी जास्त. दोन संकटं अशी एकमेकांना टाळी देतात.

झिंक ऑक्साइडची सनस्क्रीन तुलनेने बरी मानतात, पण तीही निर्दोष ठरलेली नाहीत. माझं साधं म्हणणं: पूर्ण बाह्यांचा, मानेपर्यंतचा पोहण्याचा शर्ट घ्या. पाठ, खांदे, हात झाकले की क्रीम फक्त तोंडाला आणि पावलांना लागतं. शर्ट कित्येक सुट्ट्या टिकतो. सनस्क्रीनचा गाजावाजा इतका का होतो याबद्दल माझी एक शंका आहे: त्यात तुम्हाला आणखी एक बाटली विकता येते. 'आमच्या हॉटेलचं सांडपाणी शुद्ध करून सोडतो' असा फलक लावायला मात्र यंत्रणा बसवावी लागते.

मी सहावीत आहे. आम्ही बोटीतून माशांना ब्रेड टाकला. खूप रंगीत मासे आले. पण एक काका म्हणाले की असं करू नये. मासे तर खुश होते! ब्रेडची पिशवी वाऱ्याने पाण्यात उडाली, ती मिळाली नाही.

मासे खुश होते हे अगदी खरं. शाळेत रोज मधल्या सुट्टीत कोणी चॉकलेट वाटलं तर तूही वर्गात जाशील का? रीफवरच्या माशांना कामं असतात. पोपटमासा आठवतोय, निळा-हिरवा, चोचीसारख्या दातांचा? तो दिवसभर कातळावरचं शैवाल खरवडून खातो. खरवडताना मेलेल्या प्रवाळाचा चुनाही पोटात जातो, दळला जातो आणि शेवटी पांढऱ्या वाळूच्या रूपाने बाहेर पडतो. हो, शीमधून! मोठा पोपटमासा वर्षाला काही शे किलो वाळू करू शकतो. काही बेटांवरचे सुंदर पांढरे बीच बऱ्याच प्रमाणात त्याच्याच कृपेने आहेत. आयता ब्रेड मिळाला की मासे बोटीभोवती घुटमळतात, धटिंगण मासे लाजऱ्यांना हाकलून देतात, आणि खरवडायचं शैवाल वाढत राहतं. काका बरोबर बोलले.

पिशवीचं वाईट झालं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी शास्त्रज्ञांनी आशिया-पॅसिफिकमधल्या १५९ रीफ तपासल्या. प्रवाळ आजारी असण्याची शक्यता एरवी ४ टक्के होती. प्लास्टिक अंगावर अडकलं असेल तर ८९ टक्के. पुढच्या वेळी बोटीत चढताना पिशवीला गाठ मारून दप्तरात टाक.

माझा पर्यटनाचा व्यवसाय आहे. एखादा बीच बंद करा, एखादी खाडी बंद करा, असं पर्यावरणवाले सहज म्हणतात. बोटवाल्यांच्या, गाइडच्या घरची चूल कोण पेटवणार? आणि बंद करून कुठे प्रवाळ परत आले आहेत, एक तरी उदाहरण द्या.

चुलीचा प्रश्न रास्त आहे आणि मी त्या चुलीवर जेवलेली आहे. उदाहरण देते.

थायलंडच्या फी फी ले बेटावर माया बे नावाची एक छोटीशी खाडी आहे, तीन बाजूंनी चुनखडीच्या कड्यांनी वेढलेली. २००० साली आलेल्या हॉलिवूडच्या एका चित्रपटात ती झळकली आणि माणसांचा लोंढा सुरू झाला. शेवटी शेवटी दिवसाला पाच हजार माणसं यायची. स्पीडबोटी थेट वाळूत नाक खुपसायच्या, त्यांचे पंखे उथळ पाण्यात तळ घुसळायचे, नांगर हवा तिथे पडायचे. खाडीतला बहुतांश प्रवाळ गेला. जून २०१८ मध्ये सरकारने चार महिन्यांसाठी म्हणून खाडी बंद केली आणि अवस्था पाहिल्यावर मुदत वाढवत नेली. उघडली ती थेट जानेवारी २०२२ मध्ये.

बंद असताना काय झालं? काळ्या टोकाच्या पंखांचे रीफ शार्क लवकरच उथळ पाण्यात परत दिसू लागले. प्रवाळांचं तसं नाही. त्यांचे तुकडे वाढवून हाताने लावावे लागले, आणि खाडी पूर्ववत व्हायला खूप वर्षं जायची आहेत. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की नुसत्या बंदीने प्रवाळ परत येत नाहीत. मोडतोड थांबते आणि परत यायला वाव मिळतो.

माझ्या मते माया बेचा धडा बंदीत नाहीच. तो उघडल्यानंतरच्या नियमांत आहे. आता बोटींना खाडीत यायला मनाई आहे. त्या बेटाच्या मागच्या बाजूला लागतात आणि लोक पायवाटेने चालत बीचवर येतात. एका वेळी काही शे माणसं, तासाभरासाठी. पोहायला बंदी, फक्त पाय बुडवायचे. दरवर्षी पावसाळ्यात खाडी पुन्हा दोन महिने बंद. बोटवाल्यांची बोट चालूच आहे, फक्त ती दुसऱ्या दाराने येते. हेच २०१०मध्ये केलं असतं तर चुलीही पेटत्या राहिल्या असत्या आणि साडेतीन वर्षांचा उपास घडला नसता.

हवाईतल्या हनौमा बेचा इतिहास याहून जुना. १९६७ पासून संरक्षित, तरीही १९८०च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला तीस लाखांच्या घरात माणसं. मग आकडा बांधला, आठवड्याची सुट्टी दिली, आणि २००२ पासून पाण्यात उतरण्याआधी एक छोटी फिल्म बघणं सक्तीचं केलं. मलेशियाच्या सिपादानमध्ये २००४ मध्ये बेटावरची सगळी हॉटेलं हलवली आणि रोजचे परवाने बांधून दिले. अनेक वर्षं तो आकडा १२० होता. परवाना मिळत नाही म्हणून सिपादानची किंमत वाढली, घटली नाही. हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्या बाजूनेही एक सांगते, पर्यावरणवाले विसरतात म्हणून. रीफवरच्या पर्यटनाची जगातली उलाढाल २०१७च्या एका अभ्यासाने वर्षाला सुमारे ३६ अब्ज डॉलर धरली. पैसा आहे म्हणून रीफ वाचवायला माणसंही उभी राहतात. ग्रेट बॅरियर रीफवर प्रत्येक पर्यटकामागे पर्यावरण शुल्क घेतात. बोटवाले स्वतः प्रवाळांच्या नोंदी कळवतात आणि प्रवाळ फस्त करणाऱ्या काटेरी तारामाशांना मारायच्या मोहिमांत उतरतात. तिथलं बहुतेक पर्यटन उद्यानाच्या सात-आठ टक्के क्षेत्रातच चालतं. जिथे रोजचा डोळा असतो तिथे डायनामाइट फोडून मासेमारी करायला कोणी धजत नाही. पर्यटक सगळे हाकलले तर हा पहारा उठतो, आणि हाकललेली गर्दी शेजारच्या, कोणी न पाहिलेल्या खाडीत जाते. तुमच्या संघटनेची बैठक होईल तेव्हा बंदीविरुद्ध ठराव करण्याआधी बोयांसाठी वर्गणी काढा. पहिला बोया पडेल तेव्हा कळवा, या पानावर छापीन.

बीचवर सापडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडा घरी आणला आहे. मेलेलाच होता. चालेल ना?

नाही. मेलेला तुकडासुद्धा तिथल्या कामाचा असतो: त्याच्यावर नवी अळी बसते, त्याचीच पुढे वाळू होते. शिवाय दगडी प्रवाळांच्या सगळ्या जाती सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. परवान्याशिवाय सीमा ओलांडली तर विमानतळावर जप्ती आणि वर दंडही होऊ शकतो. आणलाच आहे तर राहू द्या, पण पाहुण्यांना दाखवताना 'तुम्हीही आणा' म्हणू नका. दुकानातला पॉलिश केलेला तुकडा विकत घेण्यापेक्षा मात्र तुमचा गुन्हा लहान. तो बहुधा जिवंतच खणून काढलेला असतो.

पुढच्या सुट्टीत रीफ बघायला जायचंच आहे. बुकिंग करताना नेमकं काय विचारायचं? सगळेच म्हणतात की आम्ही पर्यावरणस्नेही आहोत.

'पर्यावरणस्नेही आहात का' असं विचारलं की 'हो'च मिळणार. असं विचारा, ज्याचं उत्तर नुसत्या 'हो'ने देता येत नाही. बोट कशाला बांधता? 'बोयाला' म्हणाले तर पुढे बोला. 'काळजी करू नका, आम्ही हळूच नांगर टाकतो' म्हणाले तर फोन ठेवा. एका गाइडमागे किती माणसं? चार असतील तर तो लक्ष देऊ शकतो. दहा असतील तर मोजतच बसेल. कोणी प्रवाळाला हात लावला तर तुम्ही काय करता? चांगला गाइड इथे हमखास एखादा किस्सा सांगतो, कारण त्याने कोणाला तरी वर आणलेलं असतं. हॉटेलला विचारा, सांडपाणी कुठे जातं? रिसेप्शनवरच्या मुलीला माहीत नसेल, तिला मॅनेजरला विचारायला लावा. हा प्रश्न दहा पाहुण्यांनी विचारला की अकराव्यासाठी उत्तर तयार करावं लागतं. ग्रीन फिन्स नावाचा एक कार्यक्रम २००४ पासून चालू आहे, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या साथीने. त्यात सहभागी डाइव्ह सेंटरची दरवर्षी तपासणी होते. तुम्ही जाताय तिथे असं सेंटर असेल तर तिकडेच जा.

हातमोजे घालू नका. हात उघडा असला की माणूस आपोआप जपून राहतो. बोनेअरमध्ये म्हणूनच त्यांना बंदी आहे. पहिल्या दिवशी कॅमेरा खोलीवर ठेवा. आणि पलाऊला जाणार असाल तर सहीची तयारी ठेवा: डिसेंबर २०१७ पासून तिथे पासपोर्टमध्ये प्रतिज्ञेचा शिक्का मारतात, तिथल्या मुलांना उद्देशून लिहिलेला, आणि सही केल्याशिवाय देशात घेत नाहीत.

मला पाण्याची भीती वाटते. काचेच्या तळाच्या बोटीतून बघितलं तर प्रवाळांना त्रास नाही ना? मुलगा म्हणतो लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग कर.
*– वय ६३*

मुलाचं ऐका. काचेची बोट खोल पाण्यावरून, भरतीला, हळू जात असेल तर बिनधास्त बसा. पण 'जवळून दाखवतो' म्हणत उथळात घुसणारा बोटवाला भेटला तर त्याचा पंखा तळ घुसळतो आणि काचेतून तुम्हाला गढूळ पाणीच दिसतं. लाइफ जॅकेट घालून, तोंडात श्वासाची नळी धरून वरूनच खाली बघणाऱ्या स्नॉर्केलरला मी नेहमी पहिली पसंती देते. तो वरच तरंगतो, त्याला उभं राहायची गरज पडत नाही, दमला तर पाठीवर पडून राहतो. प्रवाळावर उभे राहतात ते 'मला येतं पोहायला' म्हणून जॅकेट नाकारणारे. फिन्स घालायची सक्ती नाही, न घातल्या तर उत्तमच. भरतीची वेळ विचारून घ्या, खाली निदान दोन मीटर पाणी हवं. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो का ते आधीच फोन करून विचारा. बऱ्याच ठिकाणी ठेवतात आणि कोणी मागत नाही म्हणून सांगत नाहीत.